गाडी वेळेवर सुटते, तरी माल उशिराच पोचतो : दर महिन्याच्या एका तक्रारीचे निवारण

कारंजा (लाड) परिसरातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या डाळमिलमध्ये माल रवाना करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. सभासदांची तूर घ्यायची, तिची डाळ करायची आणि तीस किलोच्या कट्ट्यांत किंवा एक किलोच्या पाकिटांत भरून अमरावती, नागपूर आणि पुण्याच्या घाऊक खरेदीदारांकडे पाठवायची, असे आमचे काम आहे. आमच्या मासिक बैठकीत एक तक्रार ठरल्यासारखी येत असे. आमचे रजिस्टर सांगे की दहापैकी नऊ ऑर्डरी वेळेवर गेल्या, आणि खरेदीदार फोनवर सांगत की दहापैकी सहाच वेळेवर मिळाल्या. मग ट्रान्सपोर्टवाल्याला दोन शब्द सुनावले जात, तो पावसाचे नाही तर टायरचे कारण पुढे करी, आणि पुढच्या महिन्यात तीच बैठक पुन्हा भरे.

ही अडचण फक्त डाळीची नाही. जिनिंगमधून गाठी पाठवणारे आणि वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या पेट्या भरणारे ओळखीचे लोकही हेच सांगतात. म्हणून आम्ही केलेली तपासणी इथे मांडत आहे, आणि वाटेत झालेल्या चुकाही गाळलेल्या नाहीत. खाली दिलेले आकडे हिशेब कळावा म्हणून सोपे करून घेतलेले नमुन्याचे आकडे आहेत. पद्धत मात्र आम्ही वापरतो तीच आहे.

दोघे एकच गोष्ट मोजतात का, हे आधी पाहावे

आमच्या रजिस्टरात 'वेळेवर' या रकान्यात खूण होत असे ती गाडी मिलच्या फाटकातून बाहेर पडली की. खरेदीदाराच्या लेखी माल वेळेवर येतो तो त्याच्या गोदामात कट्ट्यांची थप्पी लागली की. दोघेही खरे बोलत होते, पण एक जण निघण्याची वेळ मोजत होता आणि दुसरा पोचण्याची. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती आमच्या लक्षात यायला वर्षे लागली याची मला आजही थोडी लाज वाटते.

समजा, एका महिन्यात ४० ऑर्डरी होत्या. त्यांपैकी ३६ ऑर्डरींच्या गाड्या आमच्या ठरलेल्या दिवशी सुटल्या, म्हणून रजिस्टर ९० टक्के दाखवते. आता याच ३६ ऑर्डरी खरेदीदाराच्या दारात कधी पोचल्या ते पाहिले, तर पाच जणांकडे माल दिलेल्या तारखेनंतर पोचलेला दिसतो. उरल्या ३१, म्हणजे ७७.५ टक्के. त्या ३१पैकी चार ठिकाणी आम्हीच मध्ये फोन करून "दोन दिवस मागेपुढे होईल" असे सांगितले होते आणि नवी तारीख जुनीच्या जागी लिहून टाकली होती. खरेदीदार पहिली तारीख विसरलेला नसतो. त्या वगळल्या की २७ उरतात, ६७.५ टक्के. त्यांतही तीन ऑर्डरींत कट्टे कमी भरले आणि बाकीचे पुढच्या गाडीने गेले. शेवटी २४ उरल्या, म्हणजे बरोबर ६० टक्के. एकाही नोंदीत खोटेपणा नसताना ९० आणि ६० हे दोन्ही आकडे एकाच महिन्यातून निघतात.

म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावण्याआधी खरेदीदाराशी बसून तीन प्रश्न ठरवून घ्यावेत आणि ते कागदावर लिहावेत. कोणत्या तारखेशी तुलना करायची? माल कोणत्या क्षणी 'पोचला' असे मानायचे? आणि काय मोजायचे, ऑर्डर की क्विंटल? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. १०० क्विंटलच्या ऑर्डरीतले ९० क्विंटल वेळेवर पोचले, तर वजनाच्या हिशेबाने काम ९० टक्के झाले आणि ऑर्डरीच्या हिशेबाने शून्य. खरेदीदार ती डाळ पुढे किराणा दुकानांना वाटून देणार असेल तर त्याच्यासाठी ९० क्विंटलला अर्थ आहे. एकाच सरकारी पुरवठ्याच्या अटीत तो बांधलेला असेल तर उरलेल्या दहा क्विंटलांसाठी त्याची सगळी गाडी अडून राहते. आम्ही दोन्ही आकडे ठेवतो, पण बैठकीत ऑर्डरीचाच वाचतो, कारण तो जास्त टोचतो.

मोठ्या साखळी दुकानांच्या व्यवहारात या मोजमापाला 'वेळेत आणि पूर्ण' असेच नाव आहे. अमेरिकेतील वॉलमार्टने २०१७ मध्ये पुरवठादारांसाठी हा नियम कडक केला आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण न आलेल्या मालाच्या किमतीतून ३ टक्के कापण्याची तरतूद केली. त्यात मुदतीच्या आधी आलेला मालही चुकीचाच धरला होता, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या गोदामात जागा नाही त्याच्या दारात दोन दिवस आधी गाडी उभी करणे ही सेवा नव्हे. आमचे खरेदीदार काही कापत नाहीत. ते पुढच्या वेळी गुपचूप अकोल्याच्या मिलला फोन करतात. ते तीन टक्क्यांपेक्षा महाग पडते.

वेळ आणि वजन यांच्या जोडीला कागदपत्रे बरोबर असणे आणि कट्टे न फाटता पोचणे हेही धरले, तर टक्के बेरजेने नाही, गुणाकाराने खाली येतात. वेळ ९०, वजन ९२, कागद ९५ आणि मालाची स्थिती ९७ टक्के, असे चारही आकडे वेगवेगळे पाहिले तर प्रत्येक विभागप्रमुख खूश असतो. या चुका एकमेकींपासून स्वतंत्रपणे होत असतील, तर चारही बाबतीत निर्दोष पोचलेल्या ऑर्डरी मात्र ७६ टक्क्यांच्या आसपासच निघतात. चौथी ऑर्डर कुठे ना कुठे बिघडलेलीच असते.

नोंदवहीत कोणते रकाने असावेत

आम्ही जुने रजिस्टर बंद करून नवे आखले. त्यात एकेका ऑर्डरीपुढे सहा तारखा आहेत : खरेदीदाराने मागितलेली, आम्ही पहिल्यांदा दिलेली, बदललेली असल्यास बदललेली, गाडी सुटल्याची, गाडी त्यांच्या फाटकावर पोचल्याची आणि माल उतरवून झाल्याची. पहिली दिलेली तारीख शाईने लिहायची आणि ती खोडायची नाही, एवढाच एक कडक नियम आहे. संगणकावर नोंद ठेवणाऱ्यांनी तो रकाना कुलूपबंद करावा, कारण तारीख बदलून टक्केवारी सुधारण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही आणि तो माणूस वाईट हेतूशिवायही करतो.

मागितलेली आणि दिलेली या दोन तारखा वेगळ्या ठेवण्याचे कारण असे की, फक्त दिलेल्या तारखेशी तुलना केली तर मी प्रत्येकाला महिनाभराची तारीख देऊन शंभर टक्के मिळवू शकतो. मागितलेल्या तारखेचा आकडा शेजारी असला की ती चलाखी लगेच उघडी पडते.

पोचण्याची खरी वेळ मिळवणे सुरुवातीला सर्वांत कठीण गेले. बिल्टीची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीची, सही केलेली प्रत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फिरत फिरत आमच्याकडे यायला तीन तीन आठवडे लागत, आणि तिच्यावरची तारीख बहुधा माल उतरवल्याची असे. शनिवारी संध्याकाळी फाटकावर पोचलेली गाडी सोमवारी दुपारी रिकामी झाली, तर तो उशीर आमचा की त्यांचा, यावर एकदा अर्धा तास वाद झाला होता. आता ड्रायव्हरने फाटकावर पोचताच तिथल्या आवक पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, असे ठरले आहे. फोटो आला नाही तर त्या फेरीचे भाडे पावती मिळेपर्यंत थांबते. फोटोवर शंका असेल तेव्हा गाडीमालकाकडून पथकर नाक्यांचे संदेश मागवतो. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे प्रत्येक नाक्याची वेळ त्याच्या मोबाइलमध्ये आपोआप पडलेली असते आणि गाडी रात्रभर कोणत्या ढाब्यावर उभी होती हे कुणाला न विचारता समजते.

इथे एक गैरसमज दूर करून ठेवतो. लेबल लावलेल्या पाकिटांच्या मालाबरोबर ई-वे बिल (जीएसटीखालचा माल-वाहतुकीचा ऑनलाइन दस्तऐवज) जाते, आणि त्याची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. आमचा एक कारकून त्या मुदतीलाच पोचण्याची तारीख समजून खरेदीदाराला कळवत असे. ती वाहतुकीची कायदेशीर मर्यादा आहे. गाडी पोचायला किती वेळ लागतो याच्याशी तिचा संबंध नाही.

संशय रस्त्यावर होता, पुरावा निघाला नाही

आमचा सगळ्यांचा पहिला संशय वाहतुकीवर होता. त्याची परीक्षा आमच्या इच्छेशिवायच झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, कारंज्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा प्रवास कितीतरी तासांनी कमी झाला आणि तिथून अहिल्यानगरमार्गे पुणे गाठणे सोपे झाले. जून २०२५ मध्ये तर मुंबईपर्यंतचा पूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहता झाला. उशिराचे मूळ रस्त्यात असते तर तक्रारी निम्म्यावर यायला हव्या होत्या. त्या जवळपास तेवढ्याच राहिल्या.

सहा तारखांचा पहिला तिमाही हिशेब हाती आला तेव्हा कारण दिसले. पुण्याच्या एखाद्या ऑर्डरीला फोन आल्यापासून गोदामापर्यंत आठ दिवस लागत असतील, तर त्यातला गाडी रस्त्यावर असल्याचा वेळ एक दिवस, फार तर दीड. उरलेले साडेसहा दिवस माल आमच्याच आवारात होता. एका दिवसाचा प्रवास पंधरा तासांवर आणून आठ दिवसांच्या कामाला काय फरक पडणार? आम्ही वर्षानुवर्षे त्या एका दिवसाच्या मालकाशी भांडत होतो.

वाळवणाची गच्ची

आवारात माल कुठे थांबतो हे शोधायला ढीग मोजावे लागतात, आणि डाळमिलमध्ये सर्वांत मोठा ढीग वाळवणावर असतो. तुरीची साल आतल्या डाळीला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेली असते. म्हणून तूर आधी रोलवर घासून सालीवर ओरखडे पाडायचे, तिला थोडे तेल चोळायचे, रात्रभर ढीग करून ते मुरू द्यायचे आणि मग उन्हात पातळ पसरायचे. ऊन लागले की तो थर सुटतो आणि साल निघते. पहिल्या फेरीत सगळ्या दाण्यांची साल निघत नाही. राहिलेल्या दाण्यांना पुन्हा तेच सोपस्कार करावे लागतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल चालवणाऱ्या बचतगटांनाही वाळवण चुकलेले नाही. यंत्र लहान असो की मोठे, ऊन लागतेच.

ऑगस्टमधली एक सकाळ सांगतो. गच्चीवर तेल लावलेली तूर पसरलेली होती, मावशी पायांनी सरी ओढत ती फिरवत होत्या आणि खाली मी पुण्याच्या एका खरेदीदाराला "परवा गाडी भरतो" असे सांगत होतो. फोन ठेवला तोच वाळवण पाहणारे काका जिन्यावरून उतरले आणि म्हणाले, "भाऊ, आभाय आलं. आजचं वाळवण गेलं समजा." वर जाऊन पाहतो तो मावशींनी अर्ध्या तुरीचा ढीग करून वर ताडपत्री ओढली होती आणि कोपऱ्यांवर विटा ठेवत होत्या. काकांनी ताडपत्रीखालून एक दाणा काढून दाताखाली धरला. तो कडकन फुटला नाही, दबला. म्हणजे अजून दोन उन्हे तरी हवी होती. मी ज्या मालाची परवाची तारीख दिली होती तो माल हा होता, आणि तारीख देण्याआधी मी जिना चढलो नव्हतो.

ढगाळ दिवसांत आम्ही नेमके उलटे वागत होतो हेही तेव्हा समजले. काम थांबलेले दिसू नये म्हणून रोल चालूच राहत, नवीन तूर तेल लावून गच्चीवर येतच राही आणि ढिगांवर ढीग चढत. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे फार उपयोगी पडतो : कामात अडकलेल्या मालाला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागले की एखाद्या दाण्याला सरासरी किती दिवस लागणार ते मिळते. गच्चीवर १८० क्विंटल तूर असेल आणि रोज ३० क्विंटल वाळून उतरत असेल, तर सहा दिवस. ढगांमुळे उतरणारा माल १२ क्विंटलवर आला आणि वरचा ढीग तेवढाच ठेवला, तर पंधरा दिवस. हा नियम दीर्घ सरासरीचा आहे, दोन दिवसांच्या हवेवर लावायचा नाही. पण काय करायचे ते तो स्पष्ट सांगतो. ऊन वाढवणे आपल्या हाती नाही, ढीग आटोक्यात ठेवणे आहे.

त्यावरून आम्ही गच्चीसाठी मर्यादा ठरवली. पावसाळ्यात ठरलेल्या वजनाहून जास्त तूर तेल लावून वर न्यायची नाही. आधीचा माल उतरेल तेवढाच नवा चढेल. रोल एखादा दिवस बंद राहिला तरी चालेल. ही गोष्ट संचालकांच्या गळी उतरवायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण बंद यंत्र डोळ्यांना दिसते आणि ढिगात अडकलेली तारीख दिसत नाही. दुसरे असे की, ढिगांवर खडूने ऑर्डरीचा क्रमांक आणि दिलेली तारीख लिहिलेली पाटी ठेवतो. पूर्वी जो ढीग जिन्याजवळ असे तोच आधी खाली उतरे. दाताखाली दाणा धरण्याची काकांची परीक्षा चालू आहे, पण जोडीला मॉइश्चर मीटरचा आकडाही पाटीवर येतो. खरेदीत तुरीचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. सालीसाठी त्याहून बराच कोरडा दाणा लागतो, आणि मारोती आणि आशा यांसारख्या वेगवेगळ्या वाणांची तूर एकाच ढिगात मिसळली तर सगळी एकाच वेळी तयार होत नाही. हा वेळ पूर्वी कुठल्याच हिशेबात धरला जात नव्हता.

तिसरा बदल पैशाचा आहे, म्हणून तो प्रत्येकाला जमेलच असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातले ऊन काय असते ते सांगायला नको. त्या दोन महिन्यांत जास्तीची डाळ करून जुलै ते सप्टेंबरच्या नेहमीच्या ग्राहकांसाठी ठेवतो. अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो, त्या मानाने डाळीला कमी, त्यामुळे साठवायचेच असेल तर डाळीच्या रूपात साठवणे बरे. भांडवल मात्र तीन महिने अडकते आणि त्यावरचे व्याज कुणी तरी सोसावे लागते. आम्ही फक्त ठरलेल्या चार ग्राहकांच्या सरासरी मागणीपुरतेच हे करतो.

तारीख कोणी द्यायची आणि कोणती

विक्री पाहणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणणे जड जाते. खरेदीदाराने "गुरुवारी पाहिजे" म्हटले की तो "करतो काही तरी" म्हणतो, आणि तिथेच एक उशिराची ऑर्डर जन्माला येते. आता गच्चीची पाटी पाहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे उत्तर द्यायला एक तास लागतो, आणि खरेदीदारांना तो तास चालतो.

पण कोणती तारीख? आम्ही बराच काळ सरासरीवर तारीख देत होतो. समजा मागच्या वीस ऑर्डरींना लागलेले दिवस चढत्या क्रमाने असे आहेत : ५, ५, ६, ६, ६, ६, ७, ७, ७, ७, ७, ८, ८, ८, ९, ९, १०, ११, १३, १५. यांची सरासरी बरोबर आठ दिवस. आठ दिवसांची तारीख दिली तर वीसपैकी चौदाच वेळेत येतात आणि सहा उशिरा, कुणाचीही चूक नसताना. अकरा दिवसांची दिली तर अठरा येतात, म्हणजे ९० टक्के. शब्द पाळायचा असेल तर सरासरी नव्हे, यादीतल्या मोठ्या आकड्यांकडे पाहून तारीख द्यावी.

खरेदीदार अकरा दिवसांना नाक मुरडेल हे खरे आहे. त्यासाठी यादीतल्या शेवटच्या दोन आकड्यांकडे, १३ आणि १५कडे, जावे. मधल्या सातांना सहा करण्यात शक्ती घालवू नये. असे लांबलेले दिवस एकेका ठळक कारणाचे असतात आणि ते कारण गेले की अकरावरून नऊवर यायला वेळ लागत नाही. आमच्याकडे त्या दोन आकड्यांमागे कधी रिकामा बारदाना संपलेला असे, कधी हमाल नसत.

बाकीची कारणे, थोडक्यात

बारदान्याचे उत्तर सोपे होते : छापील कट्टे मागवल्यापासून यायला जितके दिवस लागतात तितक्या दिवसांची भरती पुरेल एवढा साठा उरला की पुढची मागणी लगेच नोंदवायची, संपल्यावर नाही. पाकिटांवरच्या छपाईत वजन किंवा पत्त्याची चूक निघाली की सगळा लॉट थांबतो, म्हणून छापण्याआधी नमुना दोघांनी वाचायचा.

माणसांचा प्रश्न एवढा सोपा नाही. जूनमध्ये पेरणी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी आणि मध्ये पोळा. या दिवसांत गच्चीवरच्या मावशी आणि भरणारे हमाल शेताकडे वळतात आणि वळणारच. त्यांचेही पोट त्याच हंगामावर आहे आणि आमचे सभासदही त्यांचीच वाट पाहत असतात. मजुरी वाढवून त्यांना ओढणे म्हणजे आपल्याच सभासदाच्या शेतातून माणूस काढून घेणे. आम्ही वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लावून हे आठवडे तांबड्या पेनाने खुणावले आहेत आणि त्या काळात तारीख देताना दोन दिवस जास्त धरतो. याहून चांगला उपाय आम्हाला सापडलेला नाही.

अर्ध्या गाडीचा माल ही वेगळीच डोकेदुखी होती. ८० कट्ट्यांसाठी स्वतंत्र ट्रक परवडत नाही, म्हणून माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात जाई आणि त्या बाजूची बाकी भरती होईपर्यंत तिथेच पडून राही. आमच्या रजिस्टरात तो 'गेला' असे, प्रत्यक्षात तो मिलपासून दोन मैलांवर झोपलेला असे. आता शेजारच्या दोन मिलशी बोलून पुण्याच्या गाडीसाठी मंगळवार आणि शुक्रवार ठरवले आहेत. कुणाचा माल कमी असो की जास्त, त्या वारी गाडी सुटते आणि भाडे कट्ट्यांच्या प्रमाणात वाटले जाते. एखाद्या फेरीत गाडी थोडी रिकामी जाते आणि त्याचा खर्च सोसावा लागतो. पण खरेदीदाराला बुधवार आणि शनिवार हे वार पाठ झाले, त्यामुळे तो स्वतःहून त्याप्रमाणे ऑर्डर देऊ लागला.

पावसाळ्यात मुख्य रस्त्यापासून मिलपर्यंतचा काळ्या मातीचा तुकडा गाडीचे चाक गिळतो, म्हणून त्यावर मुरूम टाकून घेतला. एवढ्याने उशिराच्या कारणांतली ती नोंद बंद झाली.

सुधारणा झाली का, हे पाहताना

महिन्याला चाळीस ऑर्डरी असतील तर आठवड्याला दहाच येतात, आणि दहांत एक ऑर्डर हुकली की आकडा दहा टक्क्यांनी पडतो. सुरुवातीला आम्ही दर सोमवारी या आकड्यावरून कोणाला तरी शाबासकी किंवा बोलणी देत होतो. तो शुद्ध वेळेचा अपव्यय होता. आता तेरा आठवड्यांचा एकत्र आकडा काढतो आणि त्याचा ठिपका भिंतीवरच्या तक्त्यावर मांडतो. एकट्या आठवड्याबद्दल बोलतो ते फक्त एखादी ऑर्डर पाच दिवसांहून जास्त लांबली असेल तरच. पावसाळ्यातल्या तिमाहीची तुलना उन्हाळ्याशी न करता मागच्या पावसाळ्याशी करतो, नाही तर ऊन पडले म्हणून आपण सुधारलो असे वाटते.

उशिराचे कारण लिहिण्याच्या रकान्यात 'ट्रान्सपोर्ट' किंवा 'पाऊस' असा एका शब्दाचा शेरा स्वीकारत नाही. 'तेल लावून तीन दिवस ताडपत्रीखाली', 'कट्टे संपले, मागणी चार दिवस उशिरा नोंदवली', 'गाडी फाटकावर आली, उतरवायला माणूस नव्हता' असे वाक्य लिहावे लागते. असे वाक्य लिहिले की त्यात पुढे काय करायचे ते बहुतेक वेळा दिसतेच.

त्यातला शेवटचा प्रकार, म्हणजे खरेदीदाराच्या दारात गाडी थांबून राहणे, अजून सुटलेला नाही. पोचणे आणि उतरवणे या दोन तारखांमधले तास आम्ही दर महिन्याला त्यांच्या कारकुनाला पाठवतो, कोणताही शेरा न लिहिता. एका ठिकाणी त्यानंतर शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत माल उतरवून घ्यायला सुरुवात झाली. दुसऱ्या ठिकाणी अजून सोमवारची वाट पाहावी लागते, म्हणून तिथला माल शुक्रवारच्या गाडीने न पाठवता मंगळवारच्या गाडीने पाठवतो.